विंगेकडचा कान

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात पाठांतर करून येणाऱ्या नटाला हसतात. बाहेरच्याला हे उलटं वाटेल, पण आहे ते असं आहे. पाठ करून आला म्हणजे नवखा आहे, भ्यालेला आहे, कंपनीत टिकणार नाही. दिवाळी झाली, धान कापून घरी आलं की आमची नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. आज अर्जुनी मोरगावकडे, उद्या गडचिरोलीकडे, परवा भंडाऱ्याच्या एखाद्या खेड्यात. दरवर्षी नाटक नवं, आणि तालमी म्हणाल तर हाताच्या बोटांवर. एवढ्यात चार तासांचं नाटक कोणाच्या बापाला पाठ होणार? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. मांडीवर नाटकाची वही, डोळ्यावर चष्मा. तो घशातून असा आवाज काढतो की नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला येऊ नये. तो वाक्य सोडतो, आपण ते उचलायचं.

सांगायला सोपं आहे. करून पाहा. तोंडाने एक वाक्य बोलत असताना कानाने पुढचं घ्यायचं. चेहऱ्यावर राग ठेवायचा, हातात चाबूक फिरवायचा, आणि लक्ष मात्र सगळं विंगेकडे. हे कोणी शिकवत नाही. पहिल्या वर्षी मी मान वळवून विंगेकडेच पाहत उभा राहायचो. एका गावात म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "तिकडं का पाहून राहिला बे, पोरगी त इकडं हाय." सगळा मंडप हसला. दुसऱ्या वर्षी मान सरळ झाली. पाचव्या-सहाव्या वर्षी असं झालं की विंगेतून वाक्य येतंय हे माझं मलाच कळेना. वाटायचं, माझ्याच डोक्यात उगवलं. त्यालाच मी अभिनय समजत होतो.

मी तीस वर्षं खलनायक केला. दिवसा राईस मिलमध्ये तांदूळ घासणाऱ्या पॉलिशर मशीनवर, संध्याकाळी कंपनीच्या गाडीत, झोप गाडीतच. मला कोणी कलावंत म्हटलं की डोकं फिरतं. मिलमध्ये मला 'ए पॉलिशरवाला' म्हणतात, तेच खरं नाव. आमच्या नाटकात खलनायक शुद्ध मराठी बोलतो आणि विनोदी नोकर आमच्या झाडीबोलीत. हे कोणी ठरवलं ठाऊक नाही. दिवसभर "कुठी गेलता गा" म्हणणारा मी, रंग लावला की "तुझ्या अश्रूंची मला पर्वा नाही" म्हणायचो, आणि लोकांना ते पटायचं. आठवडी बाजारात बाया मला पाहून तोंड फिरवायच्या. एकीने तर वांगी द्यायला नकार दिला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, असाच पायजे तुमाले." मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आमच्या कंपनीचा प्रॉम्प्टर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याला सगळे भाऊ म्हणत, मीही. आधी तो स्वतः नायक व्हायचा, मग तिशीतच पुढचे दात गेले आणि विंगेत बसला. कोणत्या नटाला किती आधी वाक्य द्यायचं हे त्याला बरोबर माहीत. एकाला पूर्ण वाक्य लागतं, दुसऱ्याला पहिला शब्द पुरतो. मला तो वाक्याचं शेपूट द्यायचा, कारण डोकं मी आपोआप लावून घ्यायचो. आमच्या दोघांत इतकं बसलं होतं की कधी त्याने वही मिटून नुसता श्वास घेतला तरी मला कळायचं. लग्नाच्या बायकोशी माझं इतकं जुळलं नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. बायको ऐकायची आणि पदर खोचून कामाला लागायची.

कान गेले ते मिलमुळे. पंचवीस वर्षं त्या मशीनजवळ उभा राहिलो. आधी मालकाने कापूस दिला होता, पण कापूस घातला की मुकादमाची हाक येत नाही आणि मग शिव्या बसतात, म्हणून मी तो काढून टाकला. आधी पाखरांचा आवाज गेला, तो गेला हे कळलंही नाही. मग टीव्हीवरून भांडणं सुरू झाली. बायको म्हणायची, शेजारचे येऊन सांगतेत आवाज कमी करा. मी म्हणायचो, शेजाऱ्याले दुसरे धंदे नाईत का.

मग एका प्रयोगात विंग मुकी झाली. मी चाबूक उगारून उभा, आणि पुढचं वाक्य येईना. मला वाटलं, भाऊला झोप लागली. तिरक्या डोळ्याने पाहिलं तर तो बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. तोंडाला येईल ते बोललो, चाबूक आपटला आणि आत गेलो. भाऊ म्हणाला, "बरा हाय ना तू?" मी म्हणालो, झोप नाही झाली जी. त्या दिवसापासून मी विंगेला चिकटून उभा राहायला लागलो. उजवा कान थोडा बरा होता, तो विंगेकडे करायचा. असे दोन हंगाम काढले. मंचाच्या मधोमध उभं राहायचा माझा मान होता, तो मी आपल्या हाताने सोडून दिला.

गोंदियाला गेलो, कानाच्या डॉक्टरकडे. त्याने कानात दिवा घातला, हेडफोन लावून तपासलं, आणि विचारलं, "मशीन पे कितने साल?" म्हटलं, पच्चीस. "तो फिर पूछते क्या हो," म्हणाला. कानात घालायची मशीन दिली. घरी ती लावली आणि बायकोच्या बांगड्या ऐकू आल्या. मी चकित होऊन तिच्या हाताकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, "अशे कायले पायता?" पण मंचावर ती मशीन काही कामाची नव्हती. ऑर्गन, तबला, स्पीकर, लोकांची गडबड, सगळं एकदम कानात घुसायचं आणि त्यात भाऊची कुजबुज बुडून जायची. पुन्हा डॉक्टरकडे गेलो तर म्हणाला, "यह सब बढ़ा देती है, छाँटती नहीं." शिवाय गावावर जुलूम करणाऱ्या सावकाराच्या कानात मशीन दिसली असती तर लोक हसले असते. मी ती डब्यात घालून ठेवली.

खरं तर तेव्हाच भाऊला सांगायचं. बायको रोज म्हणायची, "सांगून द्या जी. तो काई खाते का तुमाले?" पण कंपनीचं काम मला माहीत होतं. खलनायकाच्या जागेवर चार जण टपून असतात. ज्याला प्रॉम्प्ट ऐकू येत नाही त्याला कोण घेणार, आंधळ्याला ड्रायव्हर म्हणून घेतल्यासारखं. आणि नाटक गेलं तर माझ्याजवळ काय राहतं? कोंडा आणि धूळ. वर्षाचे आठ महिने मी त्या चार महिन्यांसाठी श्वास घेत होतो. नाटक गेलं तर मी मेलो, इतकं सरळ होतं. म्हणून मी ते ठरवलं ज्याला आमच्याकडे हसतात. पूर्ण नाटक पाठ करायचं. माझंच नाही, सगळ्यांचं, म्हणजे समोरचा कुठे थांबतो ते कळेल.

नव्या नाटकाची वही पावसाळ्यात मिळाली. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, झाला होता, बायको जरा मोकळी होती. ती सातवी शिकलेली. दुपारी ओसरीवर बसून ती वही वाचायची, मी मशीन न लावता तिच्या ओठांकडे पाहून वाक्य ओळखायचो आणि माझं वाक्य म्हणायचो. पहिल्या दिवशी तिने कंसातलंही सगळं वाचलं. "नायिका रडते, पदर तोंडाला लावते." मी म्हटलं, ते वाचायचं नाही वं. ती म्हणाली, "लिवलं हाय त वाचतो." तिला नाटकाचा जन्मभर राग. हे नाटक तर तिला अजिबात आवडलं नाही. त्यात सावकार नायिकेची जमीन घेण्यासाठी तिच्या लहान बहिणीला गावच्या तलावात ढकलतो आणि नंतर येऊन नायिकेला तोंडावर सांगतो. ते वाचताना ती मध्येच थांबली. "हे असं बोलतेत का कोनी? लिवणाऱ्याले पोरंबाळं नसतीन." मी म्हटलं, वाच. तिने वाचलं आणि वही मिटून आत निघून गेली.

दोन-अडीच महिन्यांत नाटक डोक्यात बसलं. बायकोलाही पाठ झालं. भाकरी थापता थापता ती नायकाचं वाक्य टाकायची आणि मी अंगणातून, तिच्या तोंडाकडे पाहत, उत्तर द्यायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं रोज एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोललो ते त्याच पावसाळ्यात. तेवढंच चांगलं झालं त्या सगळ्यात.

दिवाळीनंतर नाटक लागलं आणि मी तुफान चाललो. खोटं कशाला बोलू? तीस वर्षांत मी कधी समोरच्या नटाचा चेहरा पाहिलाच नव्हता. डोळे त्याच्याकडे, जीव विंगेत. आता ओठ वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतं म्हणून मी पाहायला लागलो. तेव्हा कळलं की आमचा नायक वाक्य संपायच्या आधी गिळतो, की विनोदी नोकर खरोखरच घाबरतो, की नायिका रडायच्या आधी खालचा ओठ चावते. मी तिच्या त्या ओठाची वाट पाहायचो आणि मग बोलायचो. लोक श्वास धरून बसायचे. नायिकेचं काम करणारी पोरगी नागपूरची, शिकलेली. ती एकदा गाडीत म्हणाली, "काका, यंदा तुमच्यासमोर उभं राहायला भीती वाटते. तुम्ही खरंच ऐकता." मी हसून खिडकीकडे तोंड केलं. काय सांगणार तिला? बहिरा झाल्यावर लोक म्हणतात, ऐकतो. आणि ज्या तीस वर्षांत कान धड होते त्यात मी काय केलं, याचा हिशेब करत बसलो तर वेड लागायची पाळी. तेवढी वर्षं मी भाऊचा पोपट होतो.

भाऊच्याही लक्षात आलं. "यंदा तू मायाआधीच बोलून राहिला. पाठ केला का बे?" म्हटलं, केलं जी. "म्हातारपणी?" तो पोट धरून हसला. कंपनीभर झालं की हा पाठ करून येतो. मी हसण्यावारी नेलं. कंपनीच्या मालकाने पाठ थोपटली, म्हणाला पुढल्या वर्षी नाटकच तुझ्यावर लिहून घेऊ.

एकच भीती होती. आमचं नाटक वहीत लिहिल्याप्रमाणे कधी होत नाही. लाईट गेली, पाहुण्याचं भाषण लांबलं, ऑर्गनवाल्याचं पोट बिघडलं, की प्रॉम्प्टर विंगेतून एखादा तुकडा कापतो. "सोड, पुढचं घे" एवढंच म्हणतो, सगळे नट ऐकतात आणि उडी मारतात. हे आमच्यात रोजचंच. त्या हंगामात दोनदा असं झालं. दोन्ही वेळा समोरच्याच्या ओठांवर दुसरंच वाक्य दिसलं आणि मी सांभाळून घेतलं. त्यामुळे मी गाफील झालो. वाटलं, जमतंय की.

ते गाव सडक अर्जुनीच्या बाजूला, हायवेपासून आत. बरंच मोठं, मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा दिवस, घराघरांत पाहुणे. दुपारी, ज्यांनी नाटक ठरवलं त्या गावच्या मंडळाच्या लोकांनी शाळेत आमची सोय केली, चहा दिला, पोहे दिले. कोणी काही बोललं नाही. बोलणार तरी काय? आमच्या नाटकात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या गावात काय झालं हे आम्हाला. पोळ्याच्या सुमाराला तिथल्या एका शेतकऱ्याची शाळेत जाणारी पोरगी तलावात बुडून मेली होती. आईबाप तेव्हापासून घराबाहेर पडले नव्हते. शेजाऱ्यांनी त्या दिवशी त्यांना ओढून आणलं. घरात बसून किती रडाल, पाहुणे आले आहेत, चला जरा. त्यांना पुढेच बसवलं, सतरंजीवर.

मंडळातल्या एका माणसाने हे नाटक आधी दुसऱ्या गावात पाहिलं होतं. मध्यंतरानंतर त्याला आठवलं आणि तो धावत विंगेत आला. भाऊने ऐकलं आणि लगेच वहीत फुली मारली. जवळ होते त्यांना सांगितलं, तलावाचा प्रवेश नाही, सरळ जमिनीच्या कागदांवर यायचं. मी समोरच्या बाजूच्या विंगेत मिशा चिकटवत होतो. भाऊने मनात धरलं, हा मंचावर आला की विंगेतून सांगू. तीस वर्षं तसंच करत आला होता.

मी प्रवेश केला. नायिका मधोमध उभी. तिच्या ओठांवर वाक्य दिसलं, ते पुढच्या प्रवेशातलं, कागदांचं. लाईट होती, उशीर झाला नव्हता, तुकडा कापायला काही कारण दिसेना. मला वाटलं, पोरगी चुकली. यंदा प्रयोग फार झालेत, थकली आहे, एक प्रवेश गाळून पुढे गेली. आणि मला, तीस वर्षांच्या नटाला, वाटलं की आपण सांभाळून घ्यावं, तिला परत जागेवर आणावं. म्हणून मी हसत हसत तिच्याभोवती फिरलो आणि ते वाक्य घेतलं. "बहीण कुठे आहे विचारतेस? जा, त्या तलावाला विचार." तिचे डोळे मोठे झाले. तिने मान हलवली, अगदी थोडी. मला वाटलं, काय काम करून राहिली पोरगी आज.

मग मी सोडलं नाही. सगळं बोललो. ती कशी ओरडत होती, पाण्यावर तिचा हात कसा दिसत होता, शेवटी रिबीन कशी तरंगत राहिली. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं आणि मला शब्दनशब्द पाठ होता. पुढच्या सतरंजीवर एक बाई दुमडून पडली होती, चार बाया तिला धरून होत्या. माझ्या वाक्याला बाई इतकी रडलेली मी कधी पाहिली नव्हती. मी खूश झालो. हे लिहायला लाज वाटते, पण झालो. म्हणून मी आणखी थोडा थांबलो, आणि शेवटी ते हसू हसलो, जे ऐकून पोरं आईच्या कुशीत शिरतात.

तेव्हा भाऊ वही हातात घेऊन मंचावर आला. प्रॉम्प्टर कधी मंचावर येत नाही. त्याने माझा दंड धरला आणि पडदा पडला.

पुढे कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बायकोच्या फोनवर आला. त्यात कोपऱ्यात भाऊचा हात दिसतो. तो हात हलवतो, थांबतो, पुन्हा हलवतो, मग पूर्ण बाहेर येतो. मी त्याच्याकडे पाठ करून बोलतो आहे. बायकोने आवाज चालू ठेवून तो अर्धा पाहिला आणि फोन उलटा ठेवला. ती आई काय ओरडत होती हे मी तिला विचारलं. तिने सांगितलं नाही, अजूनही सांगत नाही.

पडद्यामागे भाऊ माझ्यावर चवताळून आला. त्याचे ओठ मला वाचता येत होते. चारदा सांगतलो, चारदा, बहिरा हायेस का बे. आणि मग तो एकदम थांबला. माझ्याकडे पाहत राहिला, आणि हळूच माझ्या पाठीमागे गेला. तिथून तो काय म्हणाला, किती वेळा म्हणाला, मला माहीत नाही. पुन्हा समोर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. "कवापासून?" म्हणाला. म्हटलं, तीन वर्षं. "मले काऊन नाई सांगतला?" म्हटलं, सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुम्ही? तो खाली बसला. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एक एक शब्द वेगळा करून म्हणाला, "हातानं सांगतलो असतो गा. रुमाल दाखवलो असतो. तीस वर्षं झाले आपल्याले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. या माणसावर मी भरवसा ठेवला नाही, आणि ठेवला असता तर हे काहीच झालं नसतं.

नाटक तिथेच थांबवलं. लोकांनी आम्हाला हात लावला नाही, ते लोक चांगले. मंडळाचा अध्यक्ष नुसता म्हणाला, तुमी जा आता. सकाळी गाडी निघाली तेव्हा मी चढलो नाही. भाऊ म्हणाला, मी येतो सोबत. मी नको म्हटलं. माझी चूक, मीच जातो. इथेही मी शहाणपणाच केला. कानातली मशीन घरी डब्यात होती, त्याला नेलं असतं तर निदान एक कान सोबत असता.

घर विचारत गेलो. अंगण सारवलेलं होतं, बाजेवर तो बाप बसला होता, माझ्याच वयाचा असेल. मला पाहून उठला नाही, जा पण म्हणाला नाही. मी काय बोलायचं ते रस्त्याने घोकत आलो होतो. तेच बोललो. चूक झाली जी, मला ऐकू आलं नाही, कोणी सांगितलेलं मला कळलं नाही, मी मुद्दाम केलं नाही. पण बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. मी किती मोठ्याने बोलत होतो, कोणत्या आवाजात बोलत होतो, देव जाणे. त्याचे खांदे दचकले. दारात ती बाई आली, मला पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसली. मग मला समजलं की माझ्या तोंडून तोच सावकाराचा आवाज निघत असणार. माझ्याकडे दुसरा मोठा आवाजच नाही. मी गप्प झालो.

मग तो बोलला. मान खाली घालून, जमिनीकडे पाहत, पुष्कळ वेळ. पोवार माणूस, घरची पोवारी बोलत असेल किंवा मराठी, मला काय कळणार? कान होते तेव्हा मला पोवारी समजायची. आता मला फक्त त्याच्या टोपीची कड दिसत होती आणि मिशीचा थोडा भाग. मी वाकलो, एक पाऊल पुढे गेलो, तरी ओठ दिसेनात. जरा मोठ्याने बोला, इकडे तोंड करा, एवढंच म्हणायचं होतं. रोज बाजारात म्हणतो, मिलमध्ये म्हणतो. पण ज्याची पोरगी गेली त्याला मी कसं म्हणू, पुन्हा सांगा? मी मान हलवली. तो बोलत होता तोवर मी मान हलवत राहिलो.

त्याने बोलणं थांबवलं आणि वर पाहिलं. सरळ माझ्या डोळ्यांत. तो वाट पाहत होता. त्याने काहीतरी विचारलं होतं.

"हो जी," मी म्हणालो.

तो उठला, बायकोला हाताला धरून उठवलं, आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी अंगणात थोडा थांबलो आणि हायवेवर येऊन एसटी धरली. अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात आलं की त्याने काय विचारलं असेल. दुसरं काय विचारणार कोणी? आमची पोरगी तलावात गेली हे तुमाले ठाऊक होतं का, हेच विचारलं असेल. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आत्ता परत जा, मी येतो संग, विचारून घेऊ. ती दोन-तीनदा म्हणाली. मी अजून गेलेलो नाही.